आजार मेंदूचा आहे, मग समुपदेशकाकडे कशासाठी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ३८ वर्षांच्या शिक्षिका आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार असल्याचे निदान झाले. त्याआधीची दोन वर्षे हातापायांना मुंग्या येत होत्या, एका डोळ्याने मध्येच अंधुक दिसत होते आणि दुपारनंतर उभे राहणेही कठीण जात होते, पण त्यांना 'टेन्शन घेऊ नका, हे सगळं मनाचं आहे' एवढेच सांगितले जात होते. एमआरआयमध्ये आजार दिसला त्या दिवशी 'वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं', असे त्या लिहितात. आता त्यांच्या उजव्या हाताची बोटे बधिर असतात आणि चालताना काठी लागते. शाळेने त्यांना न विचारता त्यांचे वर्ग काढून घेतले आणि 'तुमच्याच सोयीसाठी' असे सांगून कार्यालयात बसवले. घरी आई असते. सकाळी ती बाहीचे बटण लावून देते, तेवढा वेळ त्या भिंतीकडे पाहत राहतात. मोठा भाऊ फोनवर 'पॉझिटिव्ह राहा' असे सांगतो. गेले चार महिने झोप तुटक लागते आणि आवडीचे पुस्तकही उघडावेसे वाटत नाही. मागच्या तपासणीत न्यूरॉलॉजिस्टने समुपदेशकाकडे जाण्यास सुचवले, ते त्यांना लागले. पूर्वी त्या एकदा गेल्या होत्या आणि तीन भेटींत 'आजाराचा स्वीकार करा' एवढेच ऐकून परतल्या होत्या. त्या विचारतात, 'मी गेले तर माझा त्रास मनाचाच आहे हे मीच कबूल केल्यासारखं होणार नाही का? आणि गेलेच, तर या वेळी वेगळं काय होणार? आईला काय सांगू?' पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'कधी कधी झोपताना वाटतं, उद्या जागच आली नाही तर बरं.'

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थबकले. जागच आली नाही तर बरे असे मनात येणे आणि स्वतःचा जीव घेण्याचा विचार करणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दीर्घकाळ थकलेल्या अनेक माणसांच्या मनात पहिला विचार येऊन जातो, आणि तो आला म्हणून स्वतःचीच भीती वाटून घेण्याचे कारण नाही. पण तो पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहून विसरून जाण्यासारखाही नाही. एमएस असलेल्या लोकांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळतो. न्यूरॉलॉजिस्टना हे ठाऊक असते, आणि तुमच्या डॉक्टरांनी समुपदेशकाचे नाव काढले त्यामागे कदाचित हीच काळजी असेल. म्हणून बाकी काहीही ठरवण्याआधी एक करा. ही ओळ, याच शब्दांत, याच आठवड्यात त्यांना सांगा. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. घरात औषधांचा जास्तीचा साठा असेल तर तो काही काळ दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या. आणि हे 'कधी कधी' रोजचे झाले, किंवा केव्हा आणि कशाने असे बेत मनात येऊ लागले, तर मात्र सकाळ होण्याची वाटही पाहू नका. आईला उठवा, मदतवाहिनीला फोन करा किंवा तातडीच्या रुग्णसेवेकडे जा, आणि तोवर एकट्या राहू नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. त्यामागे एक गृहीत आहे, आणि ते तुम्ही आपणहून धरलेले नाही. दोन वर्षे तुमच्याकडून ते घोटून घेतले गेले. ते असे, की त्रास एक तर शरीराचा असतो, म्हणजे खरा असतो, नाहीतर मनाचा असतो, म्हणजे उगाचचा असतो. एमआरआयने तुम्हाला दुसऱ्या रकान्यातून उचलून पहिल्यात आणले. आता कोणी मनाचे नुसते नाव काढले, तरी पुन्हा त्या जुन्या रकान्यात ढकलले जाण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. ही धास्ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. एखाद्या माणसावर एका निदानाचा शिक्का बसला, की त्याची प्रत्येक नवी तक्रार त्याच शिक्क्याखाली ढकलून मोकळे होण्याची वैद्यकातली खोड इतकी जुनी आहे, की पहिल्या निदानाची सावली पुढच्या तक्रारींवर पडते अशा अर्थाची एक स्वतंत्र संज्ञाच १९८२ साली मांडावी लागली. ही सावली दोन्ही बाजूंनी पडते. शरीराचा आजार 'मनाचा' म्हणून नाकारला जातो, तसेच शरीराचा आजार असलेल्या माणसाचे नैराश्यही 'एवढा मोठा आजार आहे, वाईट वाटणारच' असे म्हणून सोडून दिले जाते. पहिला अन्याय तुम्ही सोसला आहे. दुसरा या घडीला तुमच्यावर होऊ नये, यासाठी मी हे एवढे लिहीत आहे.

मुळात हे रकानेच चुकीचे आखलेले आहेत. तुमच्या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायेलिनच्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे बोटांकडे जाणारा संदेश जसा अडखळतो, तसेच मनःस्थिती सांभाळणाऱ्या मेंदूतल्या जाळ्यांचे कामही बिघडू शकते. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो, आणि आजाराचे दुःख एवढ्या एकाच कारणाने त्याचा उलगडा होत नाही. शरीर, मन आणि माणसाच्या भोवतालचे जग या तिन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय कोणताही आजार पुरता कळत नाही, अशी मांडणी जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ साली केली. ती आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते, पण तपासणीच्या खोलीत तिचा अनुभव क्वचितच येतो, ही खेदाची गोष्ट आहे.

याच संदर्भात एका अभ्यासाची माहिती तुम्हाला उपयोगी पडेल. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एमएसमुळे थकवा येणाऱ्या लोकांच्या एका गटाला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांची सांगड तपासणारी उपचारपद्धती, देण्यात आली आणि दुसऱ्या गटाला शरीर सैल सोडण्याचे तंत्र शिकवण्यात आले. दोन्ही गटांचा थकवा कमी झाला, सीबीटीच्या गटाचा अधिक. मग तो थकवा मनाचा होता असे म्हणायचे का? पक्षाघातानंतर फिजिओथेरपीने हात हलू लागला, म्हणून पक्षाघात स्नायूंचा होता असे कोणी म्हणत नाही. उपाय कोणत्या दारातून आत शिरला यावरून आजार कुठे जन्मला हे ठरत नसते. तुम्ही समुपदेशकाकडे गेलात तर तुमच्या एमआरआयमधला एकही डाग पुसला जाणार नाही, आणि तुमच्यावर तेव्हा अविश्वास दाखवणारे लोक त्यामुळे मागाहून बरोबरही ठरणार नाहीत.

तुम्हाला नैराश्य आहे की नाही हे पत्रावरून ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. ते ओळखणे तुमच्या बाबतीत खरोखरच नाजूक काम आहे. दवाखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, आणि त्यांतले चार झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे असतात. झोप, थकवा आणि एकाग्रता यांच्या तक्रारी एमएस एकट्यानेही निर्माण करू शकतो. त्यामुळे नुसत्या गुणांच्या बेरजेवरून निष्कर्ष काढला तर तो चुकण्याचा संभव असतो. याच अडचणीमुळे १९८३ साली एचएडीएस नावाची चौदा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार करण्यात आली. तिच्यात शारीरिक लक्षणे जाणूनबुजून गाळलेली आहेत. प्रश्नावली कोणतीही असो, उत्तरे देताना 'हे थकव्यामुळे की मनःस्थितीमुळे हे मला सांगता येत नाही' असे समोरच्याला स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि ऐकणारा जाणकार असेल तर त्या उत्तराचीच नोंद करून घेईल.

तरीही तुमच्या पत्रातला एक शब्दप्रयोग मला महत्त्वाचा वाटला. तुम्ही लिहिले आहे, 'पुस्तक उघडावंसं वाटत नाही.' 'पुस्तक उघडवत नाही' असे लिहिले असते, तर मी आधी बोटांचा, डोळ्यांचा आणि दुपारच्या थकव्याचा विचार केला असता. उघडवत नाही ही शरीराची तक्रार असते, आणि उघडावेसे वाटत नाही ही बहुधा दुसऱ्या कशाची तरी खूण असते. स्वतःलाच एक विचारून पाहा. विश्रांती मिळालेल्या एखाद्या सकाळी, अंगात त्यातल्या त्यात त्राण असताना, कोणी ते पुस्तक तुमच्यासमोर उघडून धरले, तर मन पुढे जाते का? थकलेल्या माणसाला इच्छा असते आणि बळ नसते; नैराश्यात इच्छाच विझल्यासारखी होते. ही रेषा प्रत्येक वेळी स्वच्छ आखता येते असे नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्र नांदूही शकतात. पण चार महिने इच्छाच होत नाही आणि सोबत ती शेवटची ओळ आहे, एवढे मदत मागण्यासाठी पुरेसे आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. आजार उसळल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने झोप उडते, चिडचिड होते किंवा उगाचच उत्साह येतो, आणि मात्रा थांबल्यावर मन खाली जाऊ शकते; तुमचे हे चार महिने अशा एखाद्या उपचारानंतर सुरू झाले का, हे तारखा काढून पाहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्यायला सुचवा. आणि मनात तसे काही नसतानाही अचानक रडू किंवा हसू फुटत असेल, तर तेही सांगा, कारण तो एमएसमध्ये दिसणारा एक वेगळाच चेतासंस्थेचा प्रकार आहे आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

आता त्या तीन भेटींबद्दल लिहिते. तुम्ही तिथून परत आलात याचे मला नवल वाटत नाही. 'स्वीकार' हा शब्द आमच्या क्षेत्रात फार स्वस्त झाला आहे. १९६९ साली एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी दुःखाच्या पाच पायऱ्या मांडल्या आणि त्यांतली शेवटची स्वीकाराची होती. पण ती मांडणी मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आलेली होती. जिला पुढची अनेक वर्षे जगायचे आहे, मुलांना शिकवायचे आहे, जिचा आजार कधी उसळतो आणि कधी महिनोन्महिने शांत असतो, अशा बाईला त्याच पायऱ्या चढायला सांगणे बरोबर नाही. तुमचा तोटा एकदाच होऊन संपलेला नाही. दर वेळी आजार उसळला की नवे काहीतरी जाते, कधी त्यातले थोडे परत येते, आणि तुम्हाला पुन्हा नव्याने हिशोब मांडावा लागतो. अशा वेळी 'अजून स्वीकार झालेला नाही' असे म्हणणे म्हणजे दर वर्षी बदलणाऱ्या अभ्यासक्रमावर मागच्या वर्षीच्या परीक्षेत नापास ठरवण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या माणसांशी बोलून तमारा डेंबो आणि त्यांच्या सहकारी बिअट्रिस राइट यांनी पुढे १९५० च्या दशकात एक निरीक्षण मांडले. ते असे, की अपंग माणूस दुःखी असलाच पाहिजे अशी गरज पुष्कळदा पाहणाऱ्याची असते. चालण्याला आपण जे मोल देतो ते खरे ठरायचे असेल, तर न चालणाऱ्याने शोक केला पाहिजे. तो करत नसेल तर 'आतून दुखत असेल, दाखवत नाही' असे म्हटले जाते. म्हणजे रडलात तर स्वीकार नाही, आणि रडला नाहीत तर नाकारताय. या कात्रीत सापडलेली कितीतरी माणसे मला भेटली आहेत.

मी या कामात नवी होते तेव्हा दृष्टी गेलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. पहिल्या दोन भेटींत मी त्यांना दिसेनासे झाल्याबद्दल काय वाटते, याविषयीच विचारत राहिले. तिसऱ्या भेटीत त्यांनी काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, 'डोळ्यांचं माझं रडून झालं. मुलगा घरी आलेली पत्रं वाचून दाखवतो, पण सगळी दाखवतो की निवडक, हे मला कळत नाही. त्याला विचारायचं कसं, ते मला तुमच्याशी बोलायचंय.' मी माझ्या वहीत 'शोक' असे शीर्षक घालून बसले होते, आणि त्यांचा प्रश्न विश्वासाचा आणि घरातल्या सत्तेचा होता. माझी ती चूक त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून मी पहिल्या भेटीत एवढेच विचारते, 'आज आपण कशाबद्दल बोलायचं?'

हेच तुमच्या 'या वेळी वेगळं काय होणार' या प्रश्नाचे उत्तर आहे. विषय तुम्ही ठरवा. एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या आणि बसल्या बसल्या वाचून दाखवा. तुमच्या पत्रातूनच निवडायच्या तर मी म्हणेन: दोन वर्षे माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्याचा राग अजून अंगात आहे, माझे वर्ग गेले, आणि आईच्या हाताने बटण लावून घेताना मला भिंतीकडे का पाहावे लागते हे मला समजून घ्यायचे आहे. यांत 'आजाराचा स्वीकार' कुठेही नाही, हे तुमच्या लक्षात येईल. योग्य माणूस असेल तर तो यातले पहिले वाक्य ऐकूनच सावरून बसेल. स्वीकार या शब्दावर आधारलेली एक उपचारपद्धती आहे, अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, आणि तिच्यात या शब्दाचा अर्थ आजार गोड मानून घेणे असा मुळीच नाही. मनात येणाऱ्या नकोशा भावनांशी चोवीस तास झुंजण्यात जाणारी शक्ती मोकळी करून ती आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामाकडे वळवणे, असा आहे. तुमच्या बाबतीत ते काम शिकवणे आहे, असे पत्र वाचून मला वाटते.

आणि म्हणूनच शाळेचा प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत विरघळून जाऊ देऊ नका. वर्ग काढून घेतल्यामुळे येणारे दुःख हे विचारांतली चूक नाही. ते एका चुकीच्या निर्णयाला दिलेले योग्य उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली संमत केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, अपंग व्यक्तीला काम करता यावे म्हणून वाजवी बदल करून देणे नाकारणे हा भेदभाव मानला आहे. न विचारता काम काढून घेणे म्हणजे सोय करणे नव्हे. तुम्ही लेखी विचारणा करा, आणि सोबत तुम्हाला काय चालेल हेही नेमके लिहा: सकाळचे तास, तळमजल्यावरचा वर्ग, बसून शिकवण्याची मुभा, फळ्याऐवजी पडद्यावर मजकूर दाखवण्याची सोय. अशी मागणी तयार करताना ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला फार उपयोगी पडतो, कारण दिवसभरातली ताकद कुठे खर्च होते आणि कुठे वाचवता येते हे पाहणे हेच त्यांचे काम आहे. समुपदेशकाकडे तुम्ही त्या मुख्याध्यापकांसमोरच्या बोलण्याची तालीम करू शकता, आवाज चढला किंवा कापला तर काय करायचे हे ठरवू शकता. पण जो समुपदेशक हा अन्याय 'सोडून द्यायला' शिकवू पाहील, त्याच्याकडून उठून या.

माणूस निवडायचा कसा, हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न निरनिराळे आजार असलेले अनेक वाचक विचारतात. पुनर्वसन विभाग असलेल्या रुग्णालयांत अपंगत्व आणि दीर्घ आजार यांचाच अनुभव असलेले मानसशास्त्रज्ञ असतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना 'एमएस असलेल्या लोकांबरोबर काम केलेलं कोणी माहीत आहे का' असे थेट विचारा. तसे कोणी मिळाले नाही तरी चालेल, पण ठरवण्याआधी फोनवर पाच मिनिटे मागून घ्या आणि विचारा: दीर्घ आजार असलेल्या लोकांबरोबर तुम्ही कशा प्रकारे काम करता? माझा थकवा दुपारनंतर वाढतो, सकाळची वेळ मिळेल का? आजार उसळला तर ऐनवेळी भेट रद्द करावी लागेल, ते चालेल का? खोलीपर्यंत जिने आहेत का? या प्रश्नांची उत्तरे जितकी महत्त्वाची आहेत तितकाच ती देतानाचा सूरही महत्त्वाचा आहे. 'तुमच्या आजाराबद्दल मला फार माहिती नाही, पण वाचून ठेवतो, आणि तुमच्या बाबतीत तो कसा आहे ते तुम्ही सांगा' असे म्हणणारा माणूस मला 'मला सगळं ठाऊक आहे' असे म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो. तीन-चार भेटींनंतर आपले बोलणे ऐकून घेतले जाते आहे असे वाटले नाही, तर दुसऱ्याकडे जाण्यात काहीही गैर नाही. तुमच्या मागच्या अनुभवात उपचार फसला असे मी म्हणणार नाही, तिथे तो सुरूच झाला नव्हता.

जाण्यायेण्यात दिवसाची सगळी ताकद संपणार असेल, तर फोनवरून भेटी घ्या. हा दुय्यम पर्याय आहे असे समजू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमएस आणि नैराश्य दोन्ही असलेल्या लोकांना १६ आठवडे फोनवरूनच उपचार देण्यात आले. एका गटाला सीबीटी मिळाली, दुसऱ्याला भावनांना वाट करून देणारे आधाराचे संभाषण. नैराश्य दोन्ही गटांत कमी झाले, उपचार संपले तेव्हा सीबीटीच्या गटात अधिक. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा मात्र दोन्ही पद्धतींमधला फरक उरला नव्हता. यावरून मी एवढेच घेते, की पद्धतीच्या नावावर अडून बसण्यापेक्षा नियमितपणे कोणीतरी नीट ऐकणारे मिळणे आधी महत्त्वाचे आहे.

औषधांचा विषय निघालाच तर घाबरू नका, आणि समुपदेशन की औषध असा वादही घालत बसू नका. नैराश्य तीव्र असेल तर दोन्ही लागतात. ही औषधे लागू पडायला काही आठवडे जातात आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात. देणाऱ्या डॉक्टरांना एमएसची चालू असलेली सगळी औषधे दाखवा.

सध्या न जाण्याचा पर्यायही तुमच्यापुढे आहे, आणि एरवी मी तो खुला ठेवला असता. आजार असलेल्या प्रत्येकाला समुपदेशक लागतोच असे नाही. बहुतेक माणसे आपापल्या माणसांच्या सोबतीने नीट जगतात. पण तुमचे चार महिने आणि ती शेवटची ओळ पाहता, मी तुम्हाला थांबायला सांगणार नाही. याच्या जोडीला एमएस असलेल्या लोकांचा एखादा गट शोधा, प्रत्यक्ष भेटणारा किंवा इंटरनेटवरचा. उन्हात गेल्यावर डोळ्यांपुढे अंधुक होते, हे जिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही अशी एक जागा आयुष्यात असणे ही फार मोठी विश्रांती असते. पहिल्याच वेळी बोलायला हवे असेही नाही, नुसते ऐकत बसलात तरी चालते.

ज्यांचा आजार वेगळा आहे अशा वाचकांसाठी दोन शब्द. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येते, आणि वाचा गेली असेल तर ते सांगताही येत नाही. अशा वेळी चित्रे, हो-नाहीचे प्रश्न आणि भरपूर वेळ देणारा तज्ज्ञ मागा. मधुमेहात रोजच्या सुया, मोजमापे आणि पथ्ये यांचा जो वैताग येतो, तो नैराश्याहून वेगळा असतो आणि त्यावर मधुमेहाच्या उपचारांची घडी सुटसुटीत करणे हा पहिला उपाय असतो. कर्णबधिर व्यक्तीच्या समुपदेशनात घरातल्या मुलाला दुभाषी म्हणून बसवू नका, सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी मागा. आईचे दुःख तिच्याच लेकराच्या हातांतून बोलायला लावणे दोघांवरही अन्याय आहे.

तुमच्या भावाला आजार दिसत नाही, तो लांबून फोनवर असतो आणि त्याला काय बोलावे हे सुचत नाही, असे मला वाटते. 'पॉझिटिव्ह राहा' हे त्याच्या भीतीचेच बोलणे असेल. त्याला एक काम द्या. 'दादा, पहिल्या भेटीला मला घेऊन चल आणि बाहेर थांब' एवढे सांगितलेत तरी त्याला त्या दोन शब्दांपलीकडे काहीतरी करता येईल.

आईला काय सांगायचे, हे तुम्ही विचारले आहे. तिला सगळे सांगायची गरज नाही, पण लपवूही नका. 'डॉक्टरांनी माझ्या झोपेसाठी आणि मनासाठी एका तज्ज्ञाकडे जायला सांगितलंय, आजाराच्या उपचारांचाच तो भाग आहे, आणि मी जाणार आहे,' असे सरळ सांगा. ती कदाचित घाबरेल, कदाचित विचारेल, 'माझं काही चुकलं का?' तेव्हा तिच्याजवळ बसा. बटणाचा विषयही तेव्हाच काढता येईल. बाहीचे बटण एका हाताने लावता यावे म्हणून तारेची कडी असलेले छोटे हत्यार मिळते, बटणांच्या जागी चिकटपट्टी किंवा चुंबक शिवून घेता येतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट ते दाखवतील. पण काही दिवस आईनेच लावावे असे तुम्हाला वाटले, तर तेही तिला सांगा, आणि त्या वेळी भिंतीऐवजी तिच्याकडे पाहून बघा. नाही जमले, तर त्या तीन ओळींच्या कागदावर तिसरी ओळ तीच आहे. पहिल्या भेटीत तिच्यापासूनच सुरुवात करा.